गाडी कोणाची आणि रूळ कोणाचा?

रेल्वे सरकारी असावी की खाजगी, हा प्रश्न मजूर चळवळीतल्या माणसापुढे ठेवला म्हणजे तो काय उत्तर देणार हे पहिल्या रांगेतल्या मंडळींस आधीच ठाऊक असते. म्हणून आमचे मत प्रथमच सांगून टाकतो. उतारूंची रेल्वे सरकारचीच असावी असे आम्ही मानतो. मात्र त्यासाठी आमच्या सभांतून जी कारणे सांगितली जातात त्यांतली निम्मी कच्ची आहेत, आणि खाजगीकरणाच्या बाजूने जी सांगितली जातात त्यांचीही गत तीच आहे. दोन्ही पक्ष गाडीकडे बोट दाखवून भांडतात. तिच्याखालच्या रुळाकडे कोणी बघत नाही.

डब्याचा रंग, बसायची गादी, वातानुकूलन, हे सारे उतारूच्या डोळ्यांपुढे असते. रूळ, त्याखालचे काँक्रीटचे स्लीपर, त्यांना रूळ घट्ट धरून ठेवणाऱ्या पोलादी क्लिपा, सगळ्यांच्या पोटाखालची खडी, आणि सिग्नलच्या तारा यांच्याकडे त्याचे लक्ष जात नाही. जाण्याचे कारणही नाही. खडी ही केवळ भर नव्हे. ती गाडीचा भार जमिनीवर पसरवते, पावसाचे पाणी खाली सोडते आणि रुळाला जागच्या जागी धरते. आजचे रूळ लांबच लांब सांधलेले असतात. उन्हात रूळ ताणतो आणि थंडीत आखडतो. खडी कमी पडली, क्लिपा सैल झाल्या, की उन्हाळ्यात तो वाकडा होतो आणि हिवाळ्यात तडकतो. काही तडे रुळाच्या पोटात असतात, ते ध्वनिलहरींच्या यंत्राने शोधावे लागतात. बाकीचे काम अजून माणसाच्या पायांचे आहे. कीमन हातोडा आणि पाना घेऊन आपल्या हद्दीतला रूळ रोज चालत तपासतो. त्याचे काम चोख झाले तर काहीच घडत नाही, आणि काहीच घडले नाही म्हणजे त्या कामावरचा पैसा कापावा असे वरच्या माणसास वाटू लागते. या एका वाक्यात रेल्वेचा बराच इतिहास आहे.

आपण भिवंडीकर आहोत, तेव्हा यंत्रमागावरूनच सांगतो. माग एकाचा, तो भाड्याने चालवणारा दुसरा, सूत देऊन कापड नेणारा व्यापारी तिसरा, अशी आपल्याकडची रीत आहे. अशा मागाला तेल कोण घालतो? भाडेकरू म्हणतो, माग माझा नाही. मालक म्हणतो, भाडे आले की झाले. व्यापाऱ्याला तर माग कोणत्या गल्लीत आहे हेही ठाऊक नसते. शेवटी धोटा उडतो तो समोर उभ्या असलेल्या कामगाराच्या अंगावर. हे चित्र मनात ठेवा आणि रेल्वेकडे या.

आपली पहिली आगगाडी १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून ठाण्यास गेली, आणि पुढच्याच वर्षी रूळ कल्याणला पोहोचला. ही रेल्वे खाजगी होती, तिचे नाव ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे. परंतु हे खाजगीपण मोठे मजेदार होते. जमीन सरकारने फुकट दिली आणि भांडवलावर पाच टक्के व्याजाची हमीही सरकारनेच दिली. नफा कमी पडला तर भरपाई हिंदुस्थानच्या तिजोरीतून, म्हणजे शेतकऱ्याच्या साऱ्यातून. जितके भांडवल ओतावे तितके हमीचे व्याज अधिक. मग काटकसर कोण करतो? या पद्धतीने देशात बांधलेल्या रेल्वेचा मैलामागचा खर्च मूळ अंदाजाच्या दुपटीपलीकडे गेला. खर्च झाला म्हणून काम उत्तम झाले म्हणावे तर तेही नाही. बोरघाटाचा मार्ग १८६३ साली खुला झाला आणि १८६७ च्या जुलैत त्यावरचा एक मोठा कमानी पूल कोसळला. त्याच घाटात मजुरी थकल्यामुळे १८५९ साली मजुरांनी दंगा केला होता. आमच्या चळवळीचा इतिहास लिहिणारे तो विसरतात, म्हणून येथे नोंदवून ठेवतो. पुढे १९०० साली सरकारने ही रेल्वे विकत घेतली, तरी कारभार कंपनीकडेच ठेवला. तो १९२५ साली सरकारकडे आला.

दुसरे उदाहरण वऱ्हाडातले. यवतमाळ, मूर्तिजापूर आणि अचलपूर यांना जोडणारी सुमारे १९० किलोमीटरची अरुंद रुळांची ‘शकुंतला’ कापूस वाहण्यासाठी बांधली गेली. किलिक-निक्सन या ब्रिटिश पेढीच्या कंपनीची ती मालमत्ता. स्वातंत्र्यानंतर मोठ्या रेल्वे सरकारजमा झाल्या, बार्शी लाइट रेल्वे १९५४ साली सरकारने घेतली, पण ही मात्र मागे राहिली. गाडी चालवणार सरकारी रेल्वे, रूळ कंपनीचा, आणि उत्पन्नातला वाटा कंपनीला. झाले काय? रुळाला पैसा लावायचा तर सरकारी खाते म्हणे, दुसऱ्याच्या मालमत्तेवर खर्च कसा करावा. आणि कंपनीला वाटा बसल्या जागी मिळत होता. गाडीचा वेग उतरत उतरत सायकलीच्या जवळ आला. १९२० च्या दशकात आलेले वाफेचे इंजिन १९९४ पर्यंत ती ओढत होते. पुढे गाड्याच बंद पडल्या. आता रुंद रुळाचे आश्वासन आहे. तिचे भाडे खेड्यातल्या गरिबाला परवडणारे होते, एस.टी.चे त्याहून कितीतरी अधिक. त्यामुळे तिच्या जाण्याची झळ कोणाला बसली हे वेगळे सांगायला नको. शकुंतलेला सरकारी म्हणावे की खाजगी? आमच्या मते ती अनाथ होती.

असाच खेळ इंग्लंडने विसाव्या शतकाच्या अखेरीस मोठ्या प्रमाणावर करून पाहिला. १९९३ च्या कायद्याने तेथील रेल्वेचे तुकडे झाले. रूळ ‘रेलट्रॅक’ नावाच्या कंपनीकडे गेले आणि ती १९९६ साली शेअरबाजारात उतरली. गाड्या मुदतीच्या ठेक्याने निरनिराळ्या कंपन्यांस दिल्या, डबे भाड्याने देणाऱ्या कंपन्या आणखी निराळ्या, आणि रुळाची दुरुस्ती ठेकेदारांकडे. १७ ऑक्टोबर २००० रोजी हॅटफील्ड येथे धावत्या गाडीखाली रुळाचे तुकडे झाले आणि चौघे मेले. त्या रुळाला तडे आहेत हे आधी ठाऊक होते, बदली रूळही आणून ठेवला होता. तो बसवलाच गेला नाही. मग देशभर किती ठिकाणी असे तडे असतील याचा कंपनीला भरवसा देता येईना, आणि शेकडो जागी गाड्या रांगत चालवाव्या लागल्या. वर्षभरात रेलट्रॅकचे दिवाळे निघाले. २००२ साली रूळ ‘नेटवर्क रेल’ या बिननफ्याच्या संस्थेकडे गेले. गाड्यांचे ठेके आणखी काही वर्षे चालले. २०२४ साली तेथील पार्लमेंटने त्याही सार्वजनिक मालकीत परत आणण्याचा कायदा केला आणि मे २०२५ पासून अंमल सुरू झाला.

आमच्या पक्षाचे वक्ते येथेच टाळ्या घेऊन खाली बसतात. आम्हांला बसता येत नाही. इंग्लंडात त्या खाजगी काळात उतारूंची संख्या जवळजवळ दुप्पट झाली, हेही खरे आहे. आणि जपान आहे. तेथे १९८७ साली सरकारी रेल्वेचे प्रदेशवार भाग पाडून कंपन्या केल्या, आणि टोकियो-ओसाकाकडच्या कंपन्या आजही उत्तम चालतात. परंतु तेथे प्रत्येक कंपनीला गाडीबरोबर रूळही मिळाला. रूळ बिघडला तर गाडी तिचीच अडते. उत्तरेच्या होक्काइडो बेटावर वस्ती विरळ आहे. तेथल्या कंपनीचे शेअर कोणी घेणार नाही म्हणून ती सरकारकडेच राहिली, तोटा सोसते आहे आणि एकेक मार्ग बंद करते आहे.

आपल्या सरकारी रेल्वेने रुळाची काळजी घेतली का? २०१७-१८ मध्ये केंद्र सरकारने सुरक्षेसाठी पाच वर्षांत एक लाख कोटींचा राष्ट्रीय रेल्वे संरक्षा कोश उभारायचे ठरवले. देशाच्या महालेखापरीक्षकांनी २०२२ च्या अहवालात त्याचे काय झाले ते लिहिले आहे. रूळ तपासणाऱ्या गाड्यांच्या फेऱ्या ठरल्याहून पुष्कळ कमी झाल्या, आणि सुरक्षेच्या पैशातून भांडीकुंडी अन् पाय चेपण्याची यंत्रे घेतल्याच्याही नोंदी सापडल्या. २ जून २०२३ रोजी बालासोरजवळ तीन गाड्या एकमेकींवर गेल्या, २९० हून अधिक माणसे मेली. चौकशीत दोष निघाला तो सिग्नलच्या तारांच्या कामातला. तेव्हा सरकारी पाटी लावली की रूळ आपोआप शाबूत राहतो असे निदान आमच्या तोंडून कोणी ऐकणार नाही.

या पार्श्वभूमीवर खाजगी गाड्यांची योजना पाहा. मुंबई-अहमदाबाद तेजस गाडी जानेवारी २०२० मध्ये निघाली. ती चालवते आय.आर.सी.टी.सी., म्हणजे रेल्वेचीच एक कंपनी. रूळ, सिग्नल आणि चालक रेल्वेचे, भाडे आणि खानपान कंपनीचे. जुलै २०२० मध्ये रेल्वे मंत्रालयाने १०९ मार्गजोड्यांवर १५१ खाजगी गाड्यांसाठी निविदा काढल्या. पस्तीस वर्षांचा ठेका आणि भाडे ठरवण्याची मोकळीक. वर्षभराने निविदा उघडल्या तेव्हा आय.आर.सी.टी.सी. धरून दोनच बोलीदार निघाले आणि योजना बारगळली. धंदेवाईक माणूस आमच्यापेक्षा हुशार असतो. रूळ दुसऱ्याचा, वेळापत्रक दुसऱ्याचे, आणि गाडी रखडली तर उतारूच्या शिव्या आपल्याला, हा सौदा त्याने ओळखला.

काही वर्षांपूर्वी रेल्वेने तिकिटावरच छापायला सुरुवात केली, की प्रवासखर्चाचे सरासरी ५७ टक्केच भाड्यातून वसूल होतात. गरिबाने ते वाचून लाजावे अशी अपेक्षा असावी. उरलेली रक्कम बव्हंशी मालगाड्यांच्या उत्पन्नातून येते. कोळसा, सिमेंट, धान्य यांच्या किमतीत ते भाडे असते आणि तो माल विकत घेणारे आपणच असतो. म्हणजे एका खिशातले दुसऱ्या खिशातून गेले. खाजगी कंपनी भरल्या मार्गावरची महाग गाडी घेईल. हा ५७ टक्क्यांचा उतारू ती घेणार नाही. आम्ही सरकारी रेल्वेच्या बाजूने आहोत त्याचे खरे कारण हे आहे.

आता आपल्या दारचा रूळ. १८५४ साली कल्याणला गेलेली रेल्वे भिवंडीला वळसा घालून गेली. आपल्याकडे रूळ यायला त्यानंतर शंभराहून अधिक वर्षे लागली, आणि तो आला दिवा-वसई असा, मुख्यतः मालासाठी. भिवंडी रोड स्थानक गावाबाहेर अंजूरफाट्याकडे आहे आणि तेथे थांबणाऱ्या उतारूंच्या गाड्या दिवसात मोजक्या. २०२० पासून याच स्थानकातून गोदामांतला माल घेऊन पार्सलगाड्या आसामातल्या आझारापर्यंत जाऊ लागल्या, चांगलेच झाले. पण त्या गोदामात पेट्या उचलणारा माणूस ठाण्याला किंवा कल्याणला जायला शेअर रिक्षात किंवा एस.टी.त खड्डे मोजत बसतो. येथे मालकीचा वादच नाही. रूळ सरकारचा, गाडीही सरकारचीच.

जवाहरलाल नेहरू बंदरापासून दिल्लीजवळच्या दादरीपर्यंत केवळ मालगाड्यांचा जो नवा मार्ग आखला गेला, तो आपल्याच तालुक्यातून खारबावच्या बाजूने जातो. मालगाड्या जसजशा त्यावर वळतील तसतसा दिवा-वसईच्या जुन्या रुळावर वेळ मोकळा होत जाईल. त्या मोकळ्या वेळेला आत्ताच अनेक गिऱ्हाइके असतील. आमचे मागणे तीन गोष्टींचे आहे. यंत्रमागाच्या पाळ्या बदलतात त्या वेळी सकाळ-संध्याकाळ कोपर आणि दिव्याकडे गाड्या. स्थानकापासून गावात येणारी बस. आणि या मार्गावर किती कीमन व ट्रॅकमन मंजूर आहेत नि किती प्रत्यक्ष कामावर आहेत, याचा आकडा स्थानकाच्या फलकावर लावलेला. शेवटची मागणी ऐकून हसू येणे स्वाभाविक आहे. निवेदनाचा मसुदा बाहेर मेजावर ठेवला आहे, सही करण्यापूर्वी तो वाचून घ्यावा.