गृहमत्स्यालयातील माशांचे विलगीकरण : साधे उपाय व त्यांमागील तत्त्वे

पाण्याने भरलेली काचेची पेटी पाहणाऱ्यास शांततेचे चित्र वाटते. परंतु तीत राहणाऱ्या माशांच्या दृष्टीने ती अत्यंत मर्यादित भूमी असते. नागपूरच्या अंबाझरी किंवा फुटाळा तलावात एखाद्या दुबळ्या माशाचा बलवान माशाने पाठलाग केला, तर तो दूर पळून अथवा पाणवनस्पतींच्या आड जाऊन आपला जीव वाचवू शकतो. साठ सेंटिमीटर लांबीच्या मत्स्यपेटीत मात्र पळणाऱ्यास जावयास जागाच नसते. पाठलाग सतत चालू राहतो. पर व शेपटी फाटतात, दुबळा मासा कोपऱ्यात दबून बसतो, खाणे सोडतो आणि अनेकदा मरतो. अशा वेळी माशांना वेगळे करणे भाग पडते, व घरात दुसरी पेटी ठेवण्याची सोय नसल्यास हे काम त्याच पेटीत करावे लागते.

या कामी अनेक युक्त्या योजल्या जातात. त्यांतील काही सफल होतात, तर काही ज्या माशास वाचविण्यासाठी केल्या त्याच्याच जिवावर उठतात. या भेदाचे कारण असे, की ‘वेगळे करणे’ या एका शब्दात तीन निरनिराळी कामे दडलेली आहेत : माशांची शरीरे वेगळी करणे, त्यांची दृष्टी वेगळी करणे आणि त्यांचे पाणी वेगळे करणे. यांपैकी नेमके कोणते काम करावयाचे आहे, हे आधी ठरविल्यावाचून केलेला उपाय बहुधा फसतो.

काचेची पडदी आणि माशाची दृष्टी

पेटीत उभी काच बसवून तिचे दोन भाग करणे हा सर्वांत जुना व सर्वांना प्रथम सुचणारा उपाय होय. या उपायाची कसोटी पाहणारा एक प्रसिद्ध प्रयोग जर्मन प्राणिशास्त्रज्ञ कार्ल मोबियस यांनी १८७३ साली नोंदविला, आणि चार्ल्स डार्विन यांनीही पुढे त्याचा उल्लेख केला. पाईक नावाचा एक हिंस्र मासा काचेच्या पडदीने इतर लहान माशांपासून वेगळा ठेवण्यात आला होता. त्यांना पकडण्यासाठी तो काचेवर इतक्या जोराने धडका घेई, की कधी कधी मूर्च्छित होऊन पडे. सुमारे तीन महिन्यांनी त्याने हा नाद सोडला. नंतर काच काढून घेतली, तरी त्या विशिष्ट माशांवर त्याने हल्ला केला नाही. नव्याने सोडलेले मासे मात्र तो खाऊ लागला. अमेरिकेत नॉर्मन ट्रिपलेट यांनी पर्च जातीच्या माशांवर याच धर्तीचा प्रयोग केला व तो १९०१ साली प्रसिद्ध केला.

मासा शिकू शकतो, असा या प्रयोगाचा बोध सामान्यतः सांगितला जातो. मत्स्यपेटी बाळगणाऱ्यास त्यातून आणखी एक बोध घेता येतो. काचेने शरीरे वेगळी झाली. दृष्टी मोकळीच राहिली. भक्ष्य डोळ्यांसमोर राहिल्याने माशाचा आवेश सुमारे तीन महिने शमला नाही, आणि इजा हल्लेखोरासच झाली.

सियामी लढाऊ माशाच्या बाबतीत हे विशेष स्पष्ट दिसते. या जातीचा नर दुसऱ्या नरास, किंबहुना आरशातील आपल्या प्रतिबिंबासही पाहून पर व कल्ल्यांची झाकणे फुलवितो. प्रतिबिंब पाहावयास मिळावे म्हणून हा मासा नेमून दिलेली क्रिया पुनःपुन्हा करतो, असे ट्रॅव्हिस थॉम्पसन यांनी १९६३ साली दाखवून दिले. असे दोन नर पारदर्शक काचेच्या दोन बाजूंस ठेवले, तर ते दिवसभर परस्परांस आव्हान देत राहतात व थकून जातात. यास्तव भांडखोर माशांसाठी पडदी अपारदर्शक हवी. पडदी आधीच बसविलेली असल्यास तिच्यालगत दाट वनस्पती किंवा सपाट दगड उभे केल्यानेही काम भागते.

पडदी न घालता

कित्येकदा पडदीची गरजच नसते. मासा आपली हद्द खुणांवरून ओळखतो : हा दगड, ती फांदी, तो कोपरा. हद्दीत आधीपासून राहणारा मासा नवागतापेक्षा अधिक निर्धाराने लढतो, हे अनेक जातींत आढळून आले आहे. याचा उपयोग करून घेता येतो. पीडित माशाऐवजी दांडग्या माशासच काही दिवस बाहेर काढावे, मधल्या काळात दगड व वनस्पतींची मांडणी बदलावी, आणि मग त्यास परत सोडावे. आता तोच नवागत ठरतो. जुन्या खुणा नाहीशा झाल्याने त्याचा हक्कही ढिला पडतो. याच्या जोडीला पेटीच्या दोन्ही टोकांस एकाच वेळी अन्न टाकल्यास अन्नावरून होणारी झुंज कमी होते.

दांडग्या माशास पकडण्यासाठी जाळे घेऊन सारी पेटी ढवळण्याचे कारण नाही. बांबूच्या सापळ्यांचे तोंड आत निमुळते होत जाते. मासा सहज आत शिरतो, पण त्यास बाहेरची वाट सापडत नाही. प्लास्टिकच्या बाटलीचा वरचा भाग कापून तो उलटा आत बसविला, की हाच सापळा घरी तयार होतो. आत थोडे खाद्य ठेवून ती बाटली तळाशी आडवी ठेवावी व हवा तो मासा आत शिरताच उचलून घ्यावी.

आकारावरून विलगीकरण

याच सापळ्यांचे दुसरे तत्त्वही उपयोगी पडते. कामट्यांमधील फटीतून लहान मासे निसटतात व मोठे अडकून राहतात. गप्पी माशांच्या पिलांचे रक्षण याच तत्त्वावर होते. डासांच्या अळ्या खाणारा म्हणून महाराष्ट्रात सर्वपरिचित झालेला हा मासा अंडी न घालता सुमारे चार आठवड्यांच्या अंतराने जिवंत पिले देतो. परंतु समोर आलेले पिलू खाऊन टाकण्यास आईदेखील मागेपुढे पाहत नाही. मादीला फटी असलेल्या तरंगत्या पेटीत ठेवल्यास पिले फटींतून खाली निसटतात. तथापि प्रसूतीच्या अगदी तोंडावर मादीला हलविणे तिला जाचक होते. त्यापेक्षा पेटीचा एक भाग हायड्रिलासारख्या पाणवनस्पतीने गच्च भरून टाकावा. त्या गर्दीत पिलू शिरते, मोठा मासा शिरू शकत नाही. वनस्पतीची ही जाळी स्वस्त असून प्रकाशात प्राणवायूही देते. नंतर पिले वाटीने उचलून तरंगत्या पेटीत वाढवावीत.

अशी पेटी मच्छरदाणीच्या नायलॉन जाळीची करता येते. खिडक्यांना लावतात ती तारेची जाळी मात्र वापरू नये. तिच्यावरील जस्ताचा मुलामा पाण्यात उतरतो, व जस्त आणि तांबे ही दोन्ही माशांना विषारी आहेत.

पाणी वेगळे होत नाही

जाळीची पडदी शरीरे अडविते, पाणी अडवीत नाही. हा तिचा गुणही आहे व दोषही. गुण असा, की एकच गाळणयंत्र दोन्ही बाजूंस पुरते. दोष असा, की रोग अडत नाही. अंगावर पांढरे ठिपके आणणाऱ्या परजीवीची पोहणारी अवस्था कोणत्याही जाळीतून पलीकडे जाते. म्हणून रोगी माशासाठी भांडे वेगळे, पाणी वेगळे आणि हातजाळेही वेगळे असावे. येथे पडदीवर विसंबणे म्हणजे साऱ्या पेटीस रोग देणे होय.

उलटपक्षी, संपूर्ण बंद पडदीने पाणी वेगळे होते, पण मग प्रत्येक भागास स्वतंत्र हवा व स्वतंत्र गाळणी लागते. ज्या बाजूस पंप नसेल तेथे विष्ठेतील अमोनिया साचतो. अशी पडदी बळकटही हवी. ३० सेंटिमीटर रुंद पेटीत ३० सेंटिमीटर पाणी एका बाजूस असून दुसरी बाजू रिकामी केली, तर पडदीवर सुमारे साडेतेरा किलोग्रॅम वजनाइतका भार येतो. नुसती खोचून ठेवलेली काच तो सोसू शकत नाही. म्हणून पाणी बदलताना दोन्ही बाजूंची पातळी बरोबरच उतरवावी. जाळीच्या पडदीची खालची कड वाळूत रोवावी, वरची कड पाण्याबाहेर दोन-तीन सेंटिमीटर ठेवावी व पेटीवर झाकण असावे. कारण अनेक मासे उड्या मारतात.

नागपूरचा उन्हाळा

मे महिन्यात नागपूरचे तापमान ४५ अंशांपर्यंत व कधी त्याहीपुढे जाते, आणि घरातील पेटीचे पाणी तिशी सहज ओलांडते. वीस अंश तापमानाच्या एक लिटर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. तीस अंशांस तो सुमारे साडेसात मिलिग्रॅमवर येतो. याच वेळी माशाची प्राणवायूची गरज वाढलेली असते, आणि उष्ण व अल्कधर्मी पाण्यात अमोनियाचा विषारी अंशही वाढतो. जानेवारीत निर्धोक वाटलेली पडदी म्हणूनच मे महिन्यात घातक ठरू शकते. शेवाळाने जाळीची छिद्रे बुजली, की पलीकडचा भाग साचलेले डबके बनतो. उन्हाळ्यात जाळी दर आठवड्यास धुवावी आणि हवेची नळी पंपापासून दूर असलेल्या भागात सोडावी. लढाऊ मासा पृष्ठभागावरील हवा घेऊ शकतो, म्हणून तो बरणीत तगतो. परंतु खिडकीतील एक लिटर पाणी पेटीतील पन्नास लिटरांपेक्षा फार लवकर तापते. त्यास वेगळे ठेवावयाचेच असल्यास ती बरणी पेटीच्याच पाण्यात अर्धी बुडवून ठेवणे श्रेयस्कर.

तात्पर्य, वैर असल्यास दृष्टी अडवावी, भक्षण असल्यास आकारावरून वाट अडवावी आणि रोग असल्यास पाणी तोडावे. याउपरही एखादी पडदी महिनोन्महिने काढता येत नसेल, तर दोष पडदीचा मानू नये. एकत्र नांदू न शकणारे जीव एका पेटीत आणले गेले, हे मान्य करून त्यांतील एकास दुसरे घर शोधावे. निर्दोष असा विलगीकरणाचा उपाय तोच होय, आणि मासे खरेदी करण्यापूर्वीच तो योजता येतो.