तंत्रिका-इजा व संवेदी कोशिकामृत्यू

परिसरीय तंत्रिका (मज्जातंतू) कापली, चिरडली वा ताणून तुटली असता तिच्यातील संवेदी तंतू ज्या कोशिकांपासून निघतात, त्यांपैकी काही कोशिका कालांतराने मरतात. या घटनेस इजोत्तर संवेदी कोशिकामृत्यू म्हणतात. तुटलेला तंतू पुन्हा वाढू शकतो. परंतु मृत कोशिकेची जागा नवी कोशिका घेत नाही. तंत्रिका शस्त्रक्रियेने उत्तम जोडली, तरी प्रौढांत स्पर्शज्ञान बहुधा पूर्ववत होत नाही. त्याचे एक महत्त्वाचे कारण हा कोशिकामृत्यू होय.

रचना : हातापायांच्या त्वचेतील स्पर्श, तापमान व वेदना यांची जाणीव करून देणाऱ्या कोशिकांचे पिंड त्वचेत नसून मेरुरज्जूलगतच्या पश्चमूल गुच्छिकांत असतात. प्रत्येक पिंडापासून निघालेल्या तंतूचे दोन फाटे होतात. एक मेरुरज्जूत शिरतो, तर दुसरा त्वचेपर्यंत जातो. बोटांची जाणीव मानेजवळील कोशिकांवर अवलंबून असल्याने मनगटावरील जखमेचा परिणाम अर्ध्या मीटरहून अधिक दूर असलेल्या पिंडांवर होतो.

कारणे : इजेपलीकडील तंतूचा ऱ्हास होतो, हे ऑगस्टस वॉलर यांनी १८५० मध्ये दाखविले. पिंडाचे तत्काळ असे होत नाही. त्वचा व तंतूंभोवतीच्या श्वान कोशिका यांच्याकडून पोषक प्रथिने तंतूवाटे पिंडाकडे येत असतात. तंत्रिकावृद्धी घटक हे त्यांपैकी एक होय. वृद्धी घटकांच्या शोधाबद्दल रीता लेव्ही-माँताल्चीनी व स्टॅन्ली कोहेन यांना १९८६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. हा पुरवठा तुटल्यावर कोशिकेतील सूत्रकणिकांचे कार्य बिघडते व नियोजित कोशिकामृत्यूची प्रक्रिया सुरू होऊ शकते.

प्रमाण : उंदरांवरील अनेक प्रयोगांत तंत्रिका कापल्यानंतर गुच्छिकांतील सु. २० ते ४० टक्के कोशिका नष्ट झाल्याचे आढळले. मोजणीच्या पद्धतीनुसार हे आकडे बदलतात. मृत्यू पहिल्या आठवड्याच्या सुमारास सुरू होतो व बहुतांश हानी दोन महिन्यांत होते. त्वचेकडे जाणाऱ्या कोशिका स्नायूंकडे जाणाऱ्यांपेक्षा अधिक मरतात. इजा मेरुरज्जूच्या जितकी जवळ, तितकी हानी अधिक असते. हातापायांतील इजेनंतर प्रेरक कोशिका मात्र बव्हंशी टिकतात. त्यामुळे बोटांची हालचाल परतूनही ती बधिर राहू शकतात.

औद्योगिक संदर्भ : ठाणे जिल्ह्यातील उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर या सलग नगरांत लहानमोठे कारखाने व औद्योगिक वसाहती आहेत. दाबयंत्रे, पत्रा, काच व कापड कापण्याची यंत्रे यांवर काम करणाऱ्यांना हाताच्या इजांचा धोका असतो. मनगटाशी मध्य तंत्रिका तुटल्यास अंगठा, तर्जनी, मधले बोट व अनामिकेची एक बाजू यांची संवेदना जाते. तंतू दिवसाला सु. १ मिमी. वाढतो, मनगटापासून बोटांच्या टोकांपर्यंत पोहोचण्यास त्याला बहुधा सहा महिने लागतात. विषारी इजेचा प्रकार निराळा असतो. व्हिस्कोज रेयॉनच्या निर्मितीत लागणाऱ्या कार्बन डायसल्फाइडाशी दीर्घ संपर्क आल्यास लांब तंतू टोकाकडून क्षीण होऊ लागतात व हातापायांना मुंग्या येतात. या विषबाधेची नोंद कारखाने अधिनियम, १९४८ च्या अधिसूच्य रोगांत होती.

उपाय : तंत्रिका लवकर जोडल्यास कोशिकामृत्यू घटतो, असे प्राण्यांवरील प्रयोगांत दिसले आहे. टोके जुळत नसल्यास दुसऱ्या तंत्रिकेचा तुकडा मध्ये रोपण करतात. ॲसिटिलसिस्टीन व ॲसिटिल-कार्निटीन यांनी उंदरांत कोशिकांचे रक्षण झाले. तथापि मानवासाठी या हेतूने सर्वमान्य झालेले औषध नाही. जखम लहान असली, तरी तिच्या पुढील बोट बधिर असल्यास केवळ त्वचा शिवून थांबू नये. तंत्रिकेची तपासणी त्याच वेळी करून घेणे आवश्यक असते. बधिर हाताला चटका वा काप लागलेला कळत नाही. म्हणून संवेदना परत येईपर्यंत, आणि ती न आल्यास कायमच, असा हात रोज डोळ्यांनी तपासावा व उष्ण वस्तू हाताळताना हातमोजे वापरावेत.