कळांचा शेवटचा चढ



हंगाम सुरू झाला की या पानांवर टनेज, रिकव्हरी आणि तोडणीचा प्रोग्रॅम हेच विषय असतात. या वेळी आम्ही बाळंतपणावर लिहीत आहोत. हा बायकांचा विषय म्हणून पुरुष सभासदांनी पान उलटू नये. रात्री-अपरात्री गाडी काढायची वेळ त्यांच्यावरच येते.

बाळंतपणाचे तीन टप्पे असतात. पहिल्यात कळा येऊन गर्भाशयाचे तोंड उघडते. दुसऱ्यात बाळ बाहेर येते आणि तिसऱ्यात वार पडते. तोंड पूर्ण उघडले म्हणजे ते 10 सेंटिमीटर होते. यातला 8 पासून 10 पर्यंतचा भाग सर्वांत कठीण. डॉक्टर याला संक्रमणाचा काळ म्हणतात. आपण शेवटचा चढ म्हणू. हा काळ कुणाला काही मिनिटांचा, तर कुणाला तास-दोन तासांचा असतो. पहिलटकरणीला बहुधा जास्त वेळ लागतो.

या वेळी कळा दोन-तीन मिनिटांना येतात आणि मिनिटभर ते दीड मिनिट टिकतात. मध्ये दम घ्यायलाही पुरती उसंत नसते. पाय थरथरतात, उलटी होते, घाम फुटतो आणि लगेच थंडी वाजते. इतका वेळ शांत असलेली बाई चिडते, जवळ आलेला हात झिडकारते. "मला नाही जमत आता, घरी न्या," म्हणते. घरची माणसे इथेच घाबरतात. बाकी सगळे ठीक असेल तर हे बिघाडाचे लक्षण नसते. चढ संपत आल्याची ती खूण असते.

मग आपल्याकडून होते काय? पहिले म्हणजे बोलणी. "सगळ्याच बाया बाळंत होतात, तुझंच काय नवल?" असल्या बोलण्याने तिचा उरलासुरला धीर जातो.

दुसरे, "जोर कर, जोर कर" असा गलका. बाळाचे डोके खाली दाबू लागले की जोर करावासा वाटतोच. पण तोंड पूर्ण उघडायच्या आत जोर केला तर तोंडाला सूज येऊ शकते आणि बाई ऐन वेळेआधीच थकते. गुऱ्हाळात काहील कधी उतरवायची ते गुळव्या ठरवतो, भोवती जमलेली माणसे नव्हे. तसेच जोर कधी करायचा ते तपासणाऱ्या नर्सबाईंनी किंवा डॉक्टरांनी सांगावे. तोवर डाव्या कुशीवर होऊन फुंकर मारल्यासारखे छोटे छोटे श्वास सोडले तर जोर आवरायला मदत होते. वरून पोट दाबणे किंवा घरीच कळा वाढवण्याचे इंजेक्शन देणे तर आई आणि बाळ दोघांच्या जिवाशी खेळ आहे.

तिसरे, परसाकडे सोडणे. डोके मागच्या बाजूला दाबत असल्याने परसाकडे लागल्यासारखे वाटते. अशा वेळी तिला एकटीला संडासात किंवा शेताकडे पाठवू नका. बाळ तिथेच व्हायचे.

करायचे ते साधे आहे. कुणीतरी एक बाई सतत जवळ बसावी. कंबर चोळावी, घोट घोट पाणी द्यावे, तोंड पुसावे. सपाट उताणे झोपवून ठेवू नये, तिला जमेल तसे बसू-वळू द्यावे. सोबत सतत असली तर बाळंतपण थोडे लवकर उरकते आणि सिझेरियनची वेळही कमी येते, असे अभ्यासांतून दिसले आहे. सरकारी दवाखान्यात बाळंतिणीजवळ सोबतीची बाई ठेवायला केंद्र सरकारने 2016 साली मुभा दिली. ती मागून घ्या.

मात्र काही गोष्टी चढाच्या नव्हेत, धोक्याच्या आहेत. अंगावरून भळभळा रक्त जाणे, पाणमोट फुटून हिरवट किंवा घाण वासाचे पाणी येणे, झटके, डोके फार दुखून डोळ्यांपुढे अंधारी, दोन कळांच्या मध्येही न थांबणारे दुखणे, बाळाचा हात किंवा नाळ आधी दिसणे. यातले काहीही दिसले तर क्षणाचाही उशीर नको.

आता मुख्य मुद्दा. आपला ऊस तोडायला कोयत्याच्या जोडीने बाया येतात. खाडा पडेल म्हणून दिवस भरेपर्यंत फडात राबतात. त्यांच्या कोपीजवळ ना ओळखीची सुईण, ना माहेर. ज्याच्या फडात टोळी आहे त्या सभासदाने टोळीत कुणी गरोदर आहे का हे मुकादमाला विचारून ठेवावे आणि गावच्या आशाताईंना कळवावे. महाराष्ट्रात 2014 पासून 108 नंबरची गाडी फुकट येते. सरकारी दवाखान्यातले बाळंतपणही 2011 च्या योजनेपासून फुकट आहे. पैशाचे कारण उरलेले नाही.

गाडी बोलवायची ती नियमित कळा सुरू होताच, चढ लागल्यावर नव्हे. वाटेतच बाळ येऊ लागले तर गाडी बाजूला थांबवा, बाळाला ओढू नका. बाहेर आल्यावर कोरड्या कपड्याने पुसून आईच्या छातीवर ठेवा, दोघांना पांघरूण घाला. हाताला येईल त्या विळ्या-कोयत्याने नाळ कापू नका. ते काम दवाखान्याचे.

ऊस एक दिवस उशिरा तुटला तरी चालेल. अशा वेळी ट्रॅक्टरची ट्रॉली सोडून आधी जीप काढा, एवढीच विनंती.