कर्नाळ्यावरचा फारसी लेख कोण वाचणार?

शिरढोणच्या शेजारी कर्नाळा किल्ला आहे. वर दोन शिलालेख आहेत, एक मराठी आणि एक फारसी. फारसी लेखात सय्यद नुरुद्दीन मुहम्मद खान हे नाव आणि हिजरी 1146 हे साल आहे. सहलीला गेलेली उर्दू शाळेची मुलं ती अक्षरं लावू शकतात, पण अर्थाशी अडतात. मराठी शाळेची मुलं तर पुढेच निघून जातात.

आपल्या घरांमध्ये दोन्ही भाषा आहेत. कला आणि इतिहासाच्या अभ्यासात ही केवढी पुंजी आहे, याची जाणीव मात्र कमी आहे.

मोडीचंच घ्या. जमिनीचे, इनामाचे, वतनाचे जुने कागद मोडीत असतात. त्यात सनद, दफ्तर, फर्द असे शब्द पावलोपावली भेटतात, ते आपल्याला परके नाहीत. गंमत म्हणजे या कागदांवरचं साल पुष्कळदा अरबी आकड्यांत असतं. त्याला सुहूर सन म्हणतात. ‘अर्बा सबैन अलफ’ म्हणजे चार, सत्तर आणि हजार, एकूण 1074. त्यात 599 किंवा 600 मिळवले की 1673-74 येतं. मकतबमध्ये अरबी गिनती शिकलेल्या मुलाला हे लगेच कळतं, इतरांना पाठ करावं लागतं.

मोडी लिपी शिकायला फार वर्षं लागत नाहीत. राज्याचं पुराभिलेख संचालनालय मोडीचे प्रशिक्षण वर्ग घेतं. त्याचं मुंबईतलं दफ्तर काळा घोड्याला, एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत आहे. पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ असे वर्ग घेतं. पनवेलहून हार्बर लोकल थेट सीएसएमटीला जाते, त्यामुळे ‘लांब पडतं’ ही सबब आम्हाला फारशी पटत नाही.

पुरातत्त्वाची आवड असेल तर मुंबई विद्यापीठाच्या बहिःशाल विभागाचे छोटे अभ्यासक्रम आहेत. नोकरी सांभाळून करता येतात. ज्यांची पदवी झाली आहे त्यांच्यासाठी छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात संग्रहालयशास्त्र आणि कलासंवर्धनाचा पदव्युत्तर डिप्लोमा आहे. याच संग्रहालयात अल्मा लतिफी आणि सर अकबर हैदरी यांनी जमवलेल्या वस्तू आहेत, अकबराच्या काळातली ‘अन्वार-ए-सुहैली’ची सचित्र प्रतही आहे. मुलांना एकदा नेऊन दाखवाच.

आता आयांबद्दल. पालकसभेला येणाऱ्या कितीतरी जणींचं शिक्षण निकाहानंतर थांबलेलं असतं. हात मात्र सुरेख, मेहंदी आणि कशिदाकारी बघत राहावी अशी. हैदराबादचं मौलाना आझाद राष्ट्रीय उर्दू विद्यापीठ उर्दू माध्यमातून दूरशिक्षणाने पदवी देतं, इतिहास विषयही आहे. राष्ट्रीय उर्दू भाषा विकास परिषद आपल्या केंद्रांतून खुशनवीसी आणि ग्राफिक डिझाईन शिकवते. आमच्या मते दुसरा मार्ग कमाईला जवळचा. लग्नपत्रिका, दुकानांचे बोर्ड, पुस्तकांची मुखपृष्ठं, सगळीकडे संगणकाचा एकच ठरावीक फाँट दिसतो. हाताने सुलेखन करून ते संगणकावर मांडणारी माणसं थोडी आहेत.

केंद्र सरकारच्या ‘स्वयम’ पोर्टलवर कला-इतिहासाचे अभ्यासक्रम मोफत शिकता येतात, प्रमाणपत्राच्या परीक्षेला फी असते. बहुतेक इंग्रजीत आहेत, ही अडचण खरी. कॉलेजला जाणाऱ्या मुलीने आणि अम्मीने मिळून एखादा केला तर निभावतं.

शाळकरी मुलांसाठी कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट चित्रकला परीक्षा आहेतच. दहावीच्या वाढीव गुणांसाठी मुलं त्या देतात आणि मग रंगपेटी माळ्यावर जाते. पालकांनी ती जाऊ देऊ नये.

प्रवेशाच्या तारखा आणि फी दरवर्षी बदलतात, तेव्हा संस्थेतच चौकशी करा, मधल्या माणसाला रोख पैसे देऊ नका. आणि घरात जुना मोडी किंवा फारसी कागद असेल तर लॅमिनेशन करू नका, प्लास्टिक निघत नाही आणि कागद जातो. मोबाईलवर स्वच्छ फोटो काढा, कागद कोरड्या जागी सपाट ठेवा. वर्गात वाचायला तोच फोटो न्या.