धावणे सोपे, थांबणे अवघड

कविता आणि प्रवासवर्णनांच्या गर्दीत मोटारीच्या ब्रेकवरचा लेख पाहून आमचे प्राध्यापक भुवया उंचावतील, याची मला कल्पना आहे. पण गेल्या पावसाळ्यात जो प्रसंग ओढवला, त्याने हा विषय डोक्यात असा ठाण मांडून बसला की लिहिल्यावाचून सुटका नाही.

कुरुंद्याला माझ्या मामांकडे एक जुनी जीप आहे. उंच बॉनेटची, ‘सीजे-3बी’ जातीची. विलिस कंपनीने हे मॉडेल 1953 साली अमेरिकेत आणले आणि महिंद्र कंपनीने ते पुढे कित्येक वर्षे आपल्याकडे बनविले. मामांच्या जीपमध्ये आधीच्या मालकाने पेट्रोलचे इंजिन काढून डिझेलचे बसविलेले. वसमतच्या बाजारात हळद न्यायची म्हणजे मागे पोती आणि पोत्यांवर आम्ही भाचेमंडळी!

त्या दिवशी ओढ्याला गुडघाभर पाणी होते. 2022 च्या जुलैत अख्खे कुरुंदा पाण्याखाली गेलेले पाहिल्यावर गुडघाभर पाण्याचे आम्हाला काय वाटणार? जीप दिमाखात पलीकडे निघाली. शंभर पावलांवर वळणाआड बैलगाडी उभी होती. मामांनी ब्रेकवर अक्षरशः उभे राहून पाहिले; पॅडल दगडासारखे घट्ट, पण जीप थांबायचे नाव घेईना. शेवटी त्यांनी ती कडेच्या रानात घातली. बैल वाचले, आम्ही वाचलो, हळदीच्या चार सऱ्या गेल्या.

असे का झाले? जीपच्या चारही चाकांत लोखंडी ड्रम असतात आणि त्यांच्या आत लायनर लावलेले दोन-दोन शू. पॅडल दाबले की मास्टर सिलिंडरमधले तेल नळ्यांतून चाकापर्यंत दाब नेते आणि शू फाकून ड्रमला आतून घासतात. ड्रम म्हणजे पालथे घातलेले पातेलेच. त्यात पाणी शिरले की लवकर निघत नाही, आणि आपली काळी माती शिरली तर विचारूच नका. ओल्या लायनरला पकड राहत नाही. म्हणून पाणी ओलांडल्यावर थोडे अंतर ब्रेकवर हलका पाय ठेवून गाडी चालवावी, म्हणजे घर्षणाच्या उष्णतेने लायनर सुकतात. मामांना हे ठाऊक होते, पण त्या दिवशी गप्पांत राहून गेले.

पाण्याचा दोष सोडला तरी मूळ दुखणे उरतेच. सीजे-3बी चे ड्रम नऊ इंच व्यासाचे. दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी जीपलाही हेच माप होते, आणि ती रिकामी असता जेमतेम 1100 किलो भरे. पुढे इंजिने बदलली, रस्ते डांबरी झाले, वेग वाढला, पोती वाढली. ड्रम तेवढेच राहिले. ब्रेकचे काम म्हणजे गतीची उष्णता करणे. वेग दुप्पट झाला की ही उष्णता चौपट होते. भरलेल्या जीपचे वजन 1700 किलो धरा आणि वेग ताशी 60 किलोमीटर. ती एकदा थांबविताना निर्माण होणारी उष्णता पाऊण लिटर पाणी उकळीला आणील एवढी असते. ती चार छोट्या ड्रमांनी काही सेकंदांत पचवायची!

गावात सल्ल्यांना तोटा नाही. ‘बूस्टर बसवा’ हा सर्वांचा आवडता. माझ्या मते हा सल्ला अर्धवट आहे. बूस्टर निर्वात पोकळीच्या जोरावर पायाचे श्रम वाचवितो. ड्रमची उष्णता पचविण्याची ताकद त्याने तसूभरही वाढत नाही. शिवाय पेट्रोल इंजिनात ती पोकळी आयती मिळते, डिझेलमध्ये नाही. तेथे वेगळा व्हॅक्यूम पंप लागतो, बहुधा आल्टर्नेटरला जोडलेला. हे न पाहता बसविलेला बूस्टर म्हणजे शोभेची वस्तू.

मिस्त्रींनी निराळीच गोष्ट दाखविली. जुन्या जीपला मास्टर सिलिंडर एकच आणि त्यातून चारही चाकांना एकच तेलवाट. एक नळी फुटली की चारही ब्रेक गेले. म्हणून पहिला बदल दुहेरी सिलिंडरचा: पुढच्या चाकांची वाट वेगळी, मागच्यांची वेगळी. एक गेली तरी दुसरी थोडेफार थांबविते. डिस्कची हौस त्यानंतर, असे ते म्हणाले, आणि मला ते पटले.

डिस्क ब्रेकमध्ये उघडी तबकडी चाकाबरोबर फिरते आणि कॅलिपरमधले दोन पॅड तिला चिमट्यासारखे धरतात. पाणी उडून जाते, वारा लागून तबकडी निवते. 1953 साली फ्रान्समधील ल मांची शर्यत जॅग्वारने डिस्क ब्रेकच्या गाडीने जिंकली, तेव्हापासून याचा बोलबाला झाला. पण ड्रममधला एक शू चाकाच्या फिरण्याने स्वतःच आत ओढला जातो, ती फुकटची मदत डिस्कला नाही. म्हणून पायाला जोर जास्त लागतो. येथे मात्र बूस्टर खरा उपयोगी.

आणखी एक खोच आहे. जीपचा मास्टर सिलिंडर पायाखाली, चासीला असतो. कॅलिपर त्याहून वर. तेल मागे ओघळते आणि पहिला ब्रेक पोकळ लागतो. त्यासाठी नळीत किंचित दाब धरून ठेवणारा व्हॉल्व बसवावा लागतो. ड्रमसाठीचा जास्त दाबाचा व्हॉल्व पुढच्या वाटेत राहिला, तर उलट पॅड घासत राहतात.

1988 च्या मोटार वाहन कायद्याचे 52 वे कलम गाडीच्या मूळ रचनेतील फेरफारांवर बंधन घालते, म्हणून आधी परिवहन कार्यालयात विचारून घेतले. मग पुढे डिस्क, मागे नवे लायनर घातलेले ड्रम, दुहेरी सिलिंडर, पंपासह बूस्टर असे काम झाले. मोकळ्या माळावर चुन्याची रेघ मारून परीक्षा घेतली. पहिल्याच खेपेला मागची चाके आधी जाम झाली आणि जीप तिरकी सरकली. मागचा दाब कमी करणारा व्हॉल्व हळूहळू फिरवीत मिस्त्रींनी ती सरळ थांबेपर्यंत नऊ फेऱ्या मारल्या.

हँडब्रेक तेवढा जुनाच आहे. त्याचा ड्रम चाकांत नसून गिअरबॉक्सच्या मागे, शाफ्टवर असतो. त्यामुळे उतारावर जीप उभी केली की मामा अजूनही मला चाकाखाली दगड लावायला उतरवितात.