पोरींनो, पाना उचला!

कापूस वेचण्यापासून सोयाबीन सोंगण्यापर्यंत कारंजा तालुक्यातल्या बायांच्या हाताला कुठलंच काम जड नाही. तरी विजेच्या खांबावर किंवा गॅरेजात बाई दिसली की अजून माना वळतात. म्हणून दहावी झालेल्या पोरींसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी या भन्नाट गोष्टी.

१. गाडी शकुंतला, चालक सुरेखा
कारंज्याच्या स्टेशनावरून एकेकाळी धावणाऱ्या आपल्या 'शकुंतले'ला वाफेचं इंजिन होतं, मँचेस्टरला बनलेलं. ते १९९४ मध्ये निवृत्त झालं. त्याआधीच साताऱ्याच्या सुरेखा यादव रेल्वेच्या इंजिनात चढल्या होत्या! कराडच्या शासकीय तंत्रनिकेतनातून त्यांनी विद्युत शाखेची पदविका घेतली आणि त्या आशियातल्या पहिल्या महिला रेल्वेचालक झाल्या. ८ मार्च २०११ ला पुणे–मुंबई डेक्कन क्वीन, १३ मार्च २०२३ ला सोलापूर–मुंबई वंदे भारत. सप्टेंबर २०२५ मध्ये त्या निवृत्त झाल्या.

२. प्रेसिंगमधलं कलम २७
कापसाच्या या मुलखात हे कलम माहीत हवंच. १९४८ च्या कारखाना कायद्यानुसार कापूस दाबण्याच्या कारखान्यात, कापूस मोकळा करणारं यंत्र चालू असेल त्या भागात, बाईला आणि लहान मुलाला कामावर ठेवायला मनाई होती. बाई आणि मूल एकाच रांगेत! २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवी कामगार संहिता लागू झाली. आता बाईला सर्व आस्थापनांत सर्व प्रकारच्या कामाचा हक्क आहे, आणि तिची संमती असेल तर रात्रपाळीचाही.

३. एका पोस्टकार्डाचा दणका
१९७४ ची गोष्ट. टेल्कोच्या नोकरीच्या जाहिरातीत 'महिलांनी अर्ज करू नये' अशी सूचना होती. सुधा कुलकर्णी नावाच्या विद्यार्थिनीने थेट जेआरडी टाटांना पोस्टकार्ड लिहून जाब विचारला. मुलाखतीचं बोलावणं आलं, नोकरीही मिळाली. त्याच आजच्या सुधा मूर्ती. आणि टेल्को, म्हणजे आजची टाटा मोटर्स? तिच्या पुण्याच्या कारखान्यात हॅरियर आणि सफारी जोडणारी अख्खी लाइन महिलांची आहे. हजाराहून जास्त जणी!

४. बारा रुपये आणि एक रिक्षा
परभणीच्या शीला डावरे अठराव्या वर्षी बारा रुपये घेऊन पुण्यात आल्या. १९८८ मध्ये त्यांनी रिक्षा चालवायला घेतली आणि देशातली पहिली महिला रिक्षाचालक म्हणून लिम्का बुकात नाव नोंदवलं.

५. हासूरसासगिरीचा वस्तरा
गडहिंग्लज तालुक्यातलं हे गाव. नवरा गेला, पदरात चार मुली. शांताबाई यादव यांनी घरचाच धंदा पुढे चालवायचं ठरवलं आणि पुरुषांची दाढी-कटिंग सुरू केली. लोक बोलले. पण गावातल्या हरिभाऊ कडूकरांनी धीर दिला आणि शांताबाईंनी त्याच वस्तऱ्यावर संसार ओढला.

६. डबल बेल, ताई निघाल्या!
जून २०२३ मध्ये अर्चना आत्राम यांनी सासवड–नीरा एसटी चालवली. एसटीच्या स्टिअरिंगवर बसलेल्या त्या पहिल्या महिला चालक.

७. खो-खोचं मैदान ते विजेचा खांब
बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातल्या उषा जगदाळे खो-खो खेळायच्या. आता महावितरणसाठी त्या सरसर खांबावर चढतात आणि बिघाड काढतात.

८. आपली जागा राखलेली आहे
राज्यातल्या आयटीआयमध्ये ३० टक्के जागा मुलींसाठी राखीव असतात. त्या शिवणकामापुरत्या नाहीत. वेल्डर, वीजतंत्री, जोडारी, तारतंत्री, सगळीकडे आहेत. वेल्डरचा कोर्स एका वर्षाचा, वीजतंत्री आणि जोडारीचा दोन वर्षांचा. त्यानंतर विद्यावेतनावर शिकाऊ उमेदवारी करता येते. कारंज्यातही शासकीय आयटीआय आहे, म्हणजे शिकायला गाव सोडायची गरज नाही.

या गोष्टींत जिद्द तर आहेच. पण पोस्टकार्ड वाचून बोलावणारे जेआरडी आणि भर गावात पाठीशी उभे राहिलेले कडूकर हेही तितकेच मोलाचे. पोरीला 'तू कर, मी आहे' म्हणणारं एक तरी माणूस लागतं. कारंज्यातल्या आई-बाबांनो, निकाल लागला की प्रवेशाच्या ऑनलाइन अर्जात पोरीला तिच्या आवडीचा ट्रेड भरू द्या. गॅरेजवाले दादा, वायरमन काका, पुढचा हेल्पर घेताना एखाद्या पोरीलाही विचारा. पहिल्या जणींनी वाट काढली आहे. आता आपल्या गावातून दुसरी, दहावी, शंभरावी निघू द्या.