शिकलेलं पोर आपलं ऐकत नाही? आधी समजून घ्या स्वभावाचं गणित

दिवाळीच्या सुट्टीत पोरगं विद्यापीठातून गावी येतं. बाप म्हणतो, "चल, रानात चक्कर मारून येऊ." पोरगं मोबाइलमधून मान वर काढत नाही. बापाला वाटतं, शिकून शेफारलाय. पोराला वाटतं, माझ्या परीक्षेचं टेन्शन यांना काय कळणार? दोघंही मनातच अंदाज बांधतात आणि घरात अबोला सुरू होतो.

समोरच्याच्या जागी उभं राहून विचार करणं हे कौशल्य आहे. मानसशास्त्रज्ञ ते प्रश्नावलीने मोजतात. अमेरिकेतील मार्क डेव्हिस यांनी १९८० मध्ये २८ विधानांची अशी प्रश्नावली मांडली. ती आजही विद्यार्थ्यांच्या अभ्यासात वापरली जाते.

स्वभावाचा काय संबंध?

अभ्यासक स्वभावाचे पाच मुख्य पैलू धरतात: नव्याची ओढ, शिस्त, बोलकेपणा, जुळवून घेणं आणि चिंता. जुळवून घेणाऱ्या मुलांना दुसऱ्याची बाजू लवकर दिसते, असं वारंवार आढळलंय. नव्या विचारांची ओढ असलेल्यांचंही बऱ्याचदा तसंच. फार चिंता करणारा मात्र दुसऱ्याचा त्रास पाहून स्वतःच गांगरून जातो. तो निर्दयी नसतो, घाबरलेला असतो. आणि जो खूप बोलतो तो समजूतदारच असेल, असंही नाही.

पण हा फक्त कल आहे, कपाळावरचा शिक्का नव्हे.

हे बदलतं का?

बदलतं. २०११ मध्ये सारा कॉनराथ आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतील सुमारे १४ हजार कॉलेज विद्यार्थ्यांची १९७९ ते २००९ या काळातली उत्तरं तपासली. दुसऱ्याची बाजू पाहणं आणि कळवळा, दोन्ही घटलेले दिसले. विशेषतः २००० नंतर. पुढच्या वर्षांची आकडेवारी आली तेव्हा मात्र दोन्ही पुन्हा वाढल्याचं दिसलं. म्हणजे 'आजची पिढीच अशी' हे म्हणणं काही खरं नाही.

मग करायचं काय?

२०१८ मध्ये निकोलस एप्ली व सहकाऱ्यांचे २५ प्रयोग प्रसिद्ध झाले. 'त्याच्या जागी मी असतो तर' अशी नुसती कल्पना केल्याने समोरच्याच्या मनाचा अंदाज जास्त अचूक होत नाही, असं त्यात दिसलं. उपयोग झाला तो थेट विचारण्याचा.

म्हणून पोरगं गप्प असेल तर "काय झालंय तुला?" असं खेकसू नका. "परीक्षेचं कसं चाललंय? खोलीवर जेवणाचे हाल होतात का?" असं विचारा, आणि उत्तर पूर्ण होईपर्यंत मधे बोलू नका. पोरांनो, तुम्हीही विचारा: "आबा, यंदा सोयाबीनचे किती झाले? कर्जाचा हप्ता भरला का?"

अंदाज बांधून अबोला वाढतो. विचारलं तर निदान बोलणं तरी सुरू होतं.